कंपनी वाचते, शेअर वाचतोच असे नाही

छत्रपती संभाजीनगरहून पैठणकडे निघाले की वाटेत चितेगाव लागते. व्हिडिओकॉन इंडस्ट्रीजचे नोंदणीकृत कार्यालय या गावात. नांदेड-लातूरकडच्या कितीतरी घरांत पहिला रंगीत टीव्ही किंवा पहिले वॉशिंग मशीन याच कंपनीचे आले. मराठवाड्यातून उभी राहून साऱ्या देशात नाव झालेली कंपनी म्हणून धूत कुटुंबाच्या या उद्योगाविषयी इथल्या माणसाला आपलेपणा होता. हा आपलेपणा शेअर बाजारात मात्र फार महाग पडला.

२०१७ च्या पूर्वार्धात हा शेअर शंभर रुपयांच्या आसपास होता. कर्ज थकल्याच्या बातम्या आल्या आणि काही आठवड्यांत तो कोसळला. २०१८ मध्ये आयसीआयसीआय बँकेच्या कर्जाचे प्रकरण गाजू लागले, कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि भाव एक आकडी झाला. नव्याने डिमॅट खाते उघडलेल्या माणसाला नेमका अशाच वेळी मोह होतो. शंभराचा शेअर सहा-सातला मिळतोय, एवढी मोठी कंपनी, एवढे नाव, एवढ्या जमिनी, एवढे कारखाने. आता आणखी खाली जाऊन जाणार किती?

उरलेला सगळा भाव जाऊ शकतो, हे या प्रश्नाचे उत्तर. जून २०२१ मध्ये राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाने वेदांत समूहातील ट्विन स्टार टेक्नॉलॉजीजचा २,९६२ कोटी रुपयांचा प्रस्ताव मंजूर केला. व्हिडिओकॉन समूहातील तेरा कंपन्यांवरचे मान्य झालेले दावे होते सुमारे ६४,८३८ कोटींचे. म्हणजे पैसे देणाऱ्यांच्या हाती शंभर रुपयांमागे चार रुपये आणि काही पैसे येणार होते, आणि न्यायाधिकरणानेही आपल्या आदेशात त्यावर बोट ठेवले. भागधारकांच्या वाट्याला काय? शून्य. त्याच महिन्यात शेअर बाजारांनी व्यवहार थांबवले. पुढे अपिलीय न्यायाधिकरणाने जानेवारी २०२२ मध्ये ती मंजुरी रद्द करून प्रकरण पुन्हा धनकोंच्या समितीकडे पाठवले, तरी साठ हजार कोटींच्या दाव्यांचा डोंगर होता तिथेच राहिला.

शेअर घेणारा हिशेब करतो तो एका शेअरचा. सहा रुपये, म्हणून स्वस्त. पण व्हिडिओकॉनचे शेअर होते सुमारे ३३ कोटी. सहा रुपयांच्या भावाने साऱ्या शेअरांची मिळून किंमत झाली साधारण दोनशे कोटी. त्या दोनशे कोटींच्या पुढे रांगेत चौसष्ट हजार कोटींचे दावे उभे होते. ती सगळी देणी भागल्यावर काही उरले, तरच शेअरवाल्याच्या हाती पैसा पडणार. ही दोन आकड्यांची तुलना पाच मिनिटांत करता येते, आणि तिच्यासाठी कुठल्याही टिपेची गरज लागत नाही.

आपल्याकडे शेअर म्हटले की जुन्या माणसांच्या डोळ्यांसमोर साखर कारखाना येतो. लातूरचा मांजरा असो की नांदेडचा भाऊराव चव्हाण, कारखान्याचा शेअर घेतला की माणूस सभासद होतो. त्याचा ऊस गाळपाला जातो, सवलतीच्या दरात साखर मिळते, वार्षिक सभेत दहा शेअरवाल्यालाही एक मत आणि शंभरवाल्यालाही एकच. त्या शेअरचा भाव रोज पडद्यावर खालीवर होत नाही. कारखान्याला तोटा झाला तरी सभासदाला आपले नाते तुटल्यासारखे वाटत नाही, कारण ते नाते उसाचे असते. बाजारात नोंदलेल्या कंपनीच्या शेअरमागे असे कोणतेही नाते नसते. तिथे तुम्ही मालकीचा एक तुकडा विकत घेता, आणि मालकाचा नंबर कायद्याने सगळ्यांत शेवटी लागतो.

हा शेवटचा नंबर २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत लिहून ठेवला आहे. कंपनी विकून जो पैसा येईल, त्यातून आधी प्रक्रियेचा खर्च भागवायचा. मग तारण ठेवून कर्ज देणाऱ्या बँका आणि त्यांच्या बरोबरीने कामगारांचे चोवीस महिन्यांपर्यंतचे थकीत वेतन. त्यानंतर इतर कर्मचाऱ्यांचे बारा महिन्यांपर्यंतचे पगार, बिनतारणी वित्तीय कर्जे, सरकारची देणी, उरलेली देणी, मग प्रेफरन्स शेअर आणि सर्वांत शेवटी साधे शेअर. तारण कर्जवाल्यांनाच पुरे पैसे मिळत नाहीत अशी अवस्था असेल, तर त्यांच्यामागे उभ्या असलेल्या पाच पायऱ्या ओलांडून पैसा तुमच्यापर्यंत येण्याचा प्रश्नच उरत नाही. हा क्रम मला न्याय्य वाटतो. चितेगावच्या कामगाराचा थकलेला पगार हा सहा रुपयांत शेअर घेऊन दुप्पट होण्याची वाट पाहणाऱ्याच्या आधी मिळायला हवा, याबद्दल कुणाचे दुमत असू नये. मात्र शेअर घेणाऱ्याला आपण त्या रांगेत कुठे उभे आहोत हे ठाऊक असायला हवे.

गोंधळ वाढतो तो बातम्यांच्या भाषेमुळे. दिवाण हाऊसिंग म्हणजे डीएचएफएलचे उदाहरण घ्या. घरकर्ज देणारी ही कंपनी. सप्टेंबर २०१८ मध्ये एकाच दिवसात तिचा शेअर चाळीस टक्क्यांहून जास्त पडला. नोव्हेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने तिचे संचालक मंडळ बरखास्त केले. पुढे पिरामल समूहाने सुमारे ३४,२५० कोटींत ती घेतली आणि ७ जून २०२१ रोजी न्यायाधिकरणाची मंजुरी आली. ‘डीएचएफएल वाचली, पिरामलकडे गेली’ हा सर्व बातम्यांचा सूर होता, आणि तो खराच होता. कंपनी वाचली, कर्जदारांची घरे वाचली, नोकऱ्या वाचल्या. शेअरही वर चढला. पण मंजूर झालेल्या त्याच प्रस्तावात जुन्या शेअरांची किंमत शून्य धरली होती. आठवडाभरात व्यवहार बंद झाले. शेवटच्या दिवसांत सोळा, अठरा, वीस रुपयांना ज्यांनी शेअर घेतले, त्यांनी ‘कंपनी वाचणार’ हे अगदी बरोबर ओळखले होते. तरी त्यांचे सगळे पैसे गेले.

अशा कंपनीबाबत विचारण्याजोगे प्रश्न दोन आहेत आणि ते वेगवेगळे ठेवायला हवेत. कंपनी टिकेल का, हा पहिला. टिकली तर आज मी घेतलेला शेअर तिच्यात राहील का, हा दुसरा. बहुतेक नवखी माणसे पहिल्याच प्रश्नावर रात्र घालवतात.

व्हिडिओकॉनच्याच प्रकरणात या फरकाचे दुसरे टोक आहे. २०१२ मध्ये आयसीआयसीआय बँकेने व्हिडिओकॉन समूहाला ३,२५० कोटींचे कर्ज दिले. वीस बँकांनी मिळून दिलेल्या सुमारे चाळीस हजार कोटींमधला तो एक भाग. बँकेच्या तेव्हाच्या प्रमुख चंदा कोचर यांच्या पतीच्या कंपनीत व्हिडिओकॉनच्या वेणुगोपाल धूत यांच्याकडून पैसे गेले, हा त्यातला आरोप. मार्च २०१८ मध्ये तो वर्तमानपत्रांत आला, ऑक्टोबरमध्ये कोचर पायउतार झाल्या, जानेवारी २०१९ मध्ये सीबीआयने गुन्हा नोंदवला आणि डिसेंबर २०२२ मध्ये कोचर दाम्पत्याला व धूत यांना अटकही झाली. नंतर त्यांना जामीन मिळाला, आणि कोचर यांची अटक बेकायदा असल्याचे मुंबई उच्च न्यायालयाने म्हटले. खटल्याचा हा भाग न्यायालयाने ठरवायचा. शेअर घेणाऱ्याने मात्र हे पाहावे की घोटाळ्याची बातमी एकच होती आणि तिच्यात दोन कंपन्यांची नावे होती. मार्च २०१८ मध्ये आयसीआयसीआय बँकेचा शेअर तीनशेच्या खाली होता. २०२४ मध्ये तो हजाराच्या वर गेला. व्हिडिओकॉनचा शेअर संपला.

फरक कशामुळे पडला? मार्च २०१८ अखेर बँकेची एकूण मालमत्ता होती सुमारे ८.७९ लाख कोटींची. त्यात ३,२५० कोटींचे कर्ज पूर्ण बुडाले असते तरी ते अर्ध्या टक्क्याहून कमीच भरले असते. आरोप अतिशय गंभीर होता, पण तो एका पदावरच्या व्यक्तीच्या वागण्याबद्दल होता. ठेवीदार रांगा लावून पैसे काढायला आले नाहीत, व्याज येत राहिले, शाखा चालू राहिल्या, नवे प्रमुख आले. व्हिडिओकॉनमध्ये रोग धंद्यातच होता. टीव्ही-फ्रिजच्या जोडीला तेल, वायू आणि मोबाइल सेवा यांत कंपनीने कर्ज काढून उड्या मारल्या. फेब्रुवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दूरसंचाराचे १२२ परवाने रद्द केले, त्यात व्हिडिओकॉनचेही गेले. टीव्हीच्या बाजारात कोरियन कंपन्या पुढे निघून गेल्या. आयसीआयसीआयच्या कर्जाचा वाद कधी उघडकीला आला नसता, तरी हा धंदा एवढ्या कर्जाचे व्याज फेडू शकला असता असे मला वाटत नाही.

तेव्हा नाव खराब झालेली कंपनी दिसली की आधी विचारायचे: डाग कुठे पडलाय? लातूरच्या मार्केट यार्डात खरेदीदार रोज हेच करतो. डागी सोयाबीन आले म्हणून तो पळून जात नाही. मूठभर माल हातात घेतो, ओलावा मोजतो, माती किती, दाणा काळा किती पडलाय ते पाहतो आणि तेवढी कपात करून भाव लावतो. डाग मोजता येतो म्हणून त्याला भाव लावता येतो. घोटाळ्यातल्या कंपनीची अडचण अशी की तिचा डाग ज्या हिशेबाच्या वह्यांतून मोजायचा, त्या वह्यांवरच संशय असतो. नफा खोटा असेल तर ‘नफ्याच्या पाचपटीला शेअर मिळतोय’ या वाक्याला अर्थ नाही. बँकेतली शिल्लक खोटी असेल तर ‘कंपनीकडे रोकड भरपूर आहे’ यालाही नाही.

खोट्या शिलकीचे सर्वांत मोठे उदाहरण नांदेडला जवळच्या हैदराबादेत घडले. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यम कॉम्प्युटर्सचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी संचालक मंडळाला पत्र लिहून कबूल केले की ताळेबंदात दाखवलेल्या रोख आणि बँक शिलकीपैकी ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नाहीत. आदल्या दिवशी पावणेदोनशेच्या आसपास असलेला शेअर त्या दिवशी चाळिसाच्या खाली बंद झाला. ९ तारखेला मुंबई शेअर बाजारात तो सहा रुपये तीस पैशांपर्यंत उतरून आला आणि चोवीसच्या जवळपास बंद झाला. जगातल्या नावाजलेल्या लेखापरीक्षण संस्थेशी जोडलेल्या प्राइस वॉटरहाउसने त्या हिशेबांवर वर्षानुवर्षे सही केली होती. इंजिनिअरिंग करून नांदेडची मुले तेव्हाही हैदराबादला नोकरीला जात होतीच. त्यांच्या घरी ती बातमी केवळ बाजारापुरती नव्हती.

सत्यम मात्र तरली, आणि तिचे शेअरही तरले. सरकारने चार दिवसांत जुने मंडळ काढून दीपक पारेख, किरण कर्णिक आणि सी. अच्युतन यांना नेमले. एप्रिलमध्ये पुण्याच्या टेक महिंद्राने शेअरमागे ५८ रुपये देऊन कंपनी ताब्यात घेतली. २०१३ मध्ये विलीनीकरण झाले तेव्हा सत्यमच्या १७ शेअरांना टेक महिंद्राचे २ शेअर मिळाले. ज्याने ९ जानेवारीच्या बंद भावाने १७ शेअर घेतले, त्याचे चारशे रुपये गुंतले. विलीनीकरणाच्या सुमारास टेक महिंद्राचा शेअर हजाराच्या आसपास होता, म्हणजे त्याचे दोन हजार झाले. घोटाळ्यात शेअर घ्यावा असे सांगणारे लोक हे उदाहरण देतात, आणि ते खोटे नाही. कारणे मात्र सांगायची राहून जातात. सत्यमचे ग्राहक आणि काम करणारे हजारो अभियंते खरे होते. खोटी होती ती शिल्लक आणि फुगवलेला नफा. कंपनीच्या डोक्यावर व्हिडिओकॉनसारखा बँकांच्या कर्जाचा डोंगर नव्हता, म्हणून धनकोंची रांग शेअरवाल्याच्या पुढे उभी राहिली नाही. आणि सरकार विलक्षण वेगाने हलले. जानेवारीतल्या त्या शुक्रवारी यातले किती जणांना ठाऊक होते? मागाहून हे सगळे स्पष्ट दिसते. ९ जानेवारीला शेअर घेणारा अंदाजच बांधत होता.

याच प्रकरणातली एक गोष्ट मला अजूनही खुपते. अमेरिकेच्या बाजारात सत्यमचे रोखे घेतलेल्यांनी तिथे सामूहिक दावा लावला आणि त्यांना कंपनीकडून साडेबारा कोटी डॉलर मिळाले. भारतातल्या छोट्या भागधारकाला अशी भरपाई मिळाली नाही. नव्या कंपनी कायद्यात सामूहिक दाव्याची तरतूद आली, पण गावाकडच्या माणसाने तिच्या भरवशावर पैसे गुंतवावेत अशी तिची अवस्था अजून नाही.

लातूर-नांदेडला सर्वांत जवळचे वाटावे असे उदाहरण रुची सोयाचे, कारण आपले सारे अर्थकारण सोयाबीनवर चालते. खाद्यतेलातली ही मोठी कंपनी कर्जात रुतली. २०१६ मध्ये एरंडीच्या वायद्यातल्या व्यवहारांवरून तिच्यावर बाजार नियामक सेबीची कारवाई झाली, डिसेंबर २०१७ मध्ये ती दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. २०१९ मध्ये पतंजलीचा सुमारे ४,३५० कोटींचा प्रस्ताव मंजूर झाला. २७ जानेवारी २०२० रोजी शेअर पुन्हा बाजारात आला तो सतरा रुपयांच्या आसपास, आणि जूनअखेर पंधराशेवर पोहोचला. पाच महिन्यांत जवळपास नव्वद पट! ही गोष्ट ऐकून किती जणांनी बुडालेल्या कंपन्यांची यादी काढली असेल.

त्या नव्वद पटीच्या मागे काय होते ते पाहू. पतंजलीकडे कंपनी देताना जुन्या भागधारकांच्या १०० शेअरांचा १ शेअर करण्यात आला. नव्या रचनेत कंपनीचे शेअर साडेएकोणतीस कोटींहून अधिक, पण त्यातले सर्वसामान्यांकडे उरले एक टक्क्याहूनही कमी. बाकी सगळे पतंजली आणि तिच्या संबंधितांकडे. बाजारात माल जवळपास नाहीच. रोज सकाळी भाव वरच्या सर्किटला, म्हणजे दिवसाच्या कमाल मर्यादेला, लागायचा, घेणारे हजारो आणि विकणारा कुणी नाही. म्हणजे पडद्यावर पंधराशेचा भाव दिसत होता, पण सतराला घ्यायला शेअर मिळत नव्हता. मार्च २०२२ मध्ये कंपनीने स्वतःच लोकांना शेअर देऊ केले तेव्हा किंमत ठरली ६५०. त्याच वर्षी तिचे नाव पतंजली फूड्स झाले. पडद्यावरचा भाव आणि आपल्याला प्रत्यक्ष मिळणारा भाव यांत किती अंतर असू शकते, हे समजून घ्यायला याहून चांगले उदाहरण सापडणार नाही.

हेच उलट दिशेने, उतरत्या बाजूलाही होते, आणि तिथे ते जास्त घातक असते. शेअर बाजार बहुतेक शेअरांना ठरावीक टक्क्यांची मर्यादा घालतो: दोन, पाच, दहा किंवा वीस. भाव तेवढा पडला की त्या दिवशी आणखी खाली व्यवहार होत नाही. वाचायला ही सोय वाटते. घोटाळ्याची बातमी आल्यावर मात्र सकाळी सव्वानऊलाच शेअर खालच्या सर्किटला लागतो, विकणाऱ्यांचे लाखो शेअर रांगेत आणि घेणारा एकही नाही. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. नवखा माणूस म्हणतो, दहा टक्के पडला तर विकून मोकळा होईन. पण विकायला समोर घेणारा लागतो.

येस बँकेत अडकण्याची तऱ्हा वेगळीच होती. ५ मार्च २०२० रोजी रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, दुसऱ्या दिवशी शेअर सहा रुपयांखाली गेला आणि तिथून भराभर वर आला. १३ तारखेला पुनर्रचनेची योजना जाहीर झाली आणि तिच्यात एक अट निघाली: ज्यांच्याकडे शंभराहून जास्त शेअर आहेत, त्यांचे पंचाहत्तर टक्के शेअर तीन वर्षे गोठवलेले राहतील. भाव वर गेल्यावर विकू म्हणून ज्यांनी घेतले, त्यांच्या हाती विकण्याजोगा पाव हिस्साच उरला. नियम मध्येच बदलू शकतात आणि ते बदलताना छोट्या भागधारकाला कुणी विचारत नाही, ही जोखीम कोणत्याही तक्त्यात दिसत नाही.

अलीकडचे, महाराष्ट्रातच उघडे पडलेले प्रकरण जेनसोल इंजिनिअरिंगचे. इलेक्ट्रिक गाड्यांसाठी आणि सौर प्रकल्पांसाठी नावाजलेली ही कंपनी; २०२४ च्या जूनमध्ये शेअर अकराशेवर होता. १५ एप्रिल २०२५ रोजी सेबीने अंतरिम आदेश काढला. इरेडा आणि पॉवर फायनान्स या सरकारी संस्थांकडून ९७७ कोटींहून अधिक कर्ज घेतलेले, गाड्यांसाठीच्या पैशांतले सुमारे २६२ कोटी हिशेबात सापडत नाहीत, आणि काही पैसा गुरुग्राममधल्या आलिशान सदनिकेपर्यंत पोहोचल्याचे त्यात नोंदले होते. मला त्या आदेशातला सर्वांत बोलका तपशील वाटतो तो चाकणचा. राष्ट्रीय शेअर बाजाराचा अधिकारी कंपनीच्या चाकणमधल्या कारखान्यात गेला तेव्हा तिथे दोन-तीन मजूर होते आणि उत्पादन काही चालू नव्हते. महावितरणची बिले पाहिली तर बारा महिन्यांतले सर्वांत मोठे बिल होते १ लाख ५७ हजार रुपयांचे. शेकडो कोटींच्या गप्पा आणि एवढीशी वीज.

सामान्य माणूस चाकणला जाऊन बिल तपासू शकत नाही. तरी घरबसल्या दिसण्यासारख्या दोन गोष्टी तिथे होत्या. मार्च २०२५ च्या पहिल्याच आठवड्यात केअर आणि इक्रा या दोन्ही पतमापन संस्थांनी कंपनीचे मानांकन ‘डी’पर्यंत, म्हणजे कर्ज थकवल्याच्या पातळीवर आणले होते. आणि प्रवर्तकांचा हिस्सा काही वर्षांत सत्तर टक्क्यांवरून निम्म्यावर आला होता, तर त्याच काळात सामान्य भागधारकांची संख्या दीडशेच्या आसपासवरून १ लाखाच्या पुढे गेली होती. ज्यांनी कंपनी उभी केली ते बाहेर पडत होते आणि ज्यांनी ती फक्त मोबाइलवर पाहिली होती ते आत येत होते. प्रवर्तकांचा हिस्सा, त्यातला तारण ठेवलेला भाग, पतमापन संस्थांची पत्रे, लेखापरीक्षकाचा राजीनामा, हे सारे दोन्ही शेअर बाजारांच्या संकेतस्थळांवर कंपनीच्या पानावर फुकट मिळते. हिस्सेदारीचा तक्ता दर तिमाहीला येतो. शेअर घेण्याआधी एवढे वाचायला दुपारचा एक तास पुरतो.

मग नवख्याने अशा कंपनीचा शेअर घ्यावा का? माझे मत स्पष्ट आहे. कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत असेल, धनकोंची समिती बसलेली असेल, तर तिचा शेअर कितीही स्वस्त दिसला तरी घेऊ नये. तिथे तुमच्या शेअरचे भवितव्य बँका ठरवतात आणि त्या तुमचे काही देणे लागत नाहीत. लेखापरीक्षकाने सही करायला नकार दिला असेल किंवा मध्येच काम सोडले असेल, तर नवे तपासलेले हिशेब येईपर्यंत थांबावे. आरोप एखाद्या व्यक्तीवर असेल, धंद्यात रोज पैसा येत असेल आणि कर्ज पेलण्याजोगे असेल, तर विचार करायला हरकत नाही. पण घाई कशाची? आयसीआयसीआयचा शेअर प्रकरण बाहेर आल्यानंतर कितीतरी महिने त्याच भावाच्या आसपास रेंगाळत होता. नवे नेतृत्व आले, चौकशीचे निष्कर्ष आले, दोन-चार तिमाहींचे आकडे आले, त्यानंतर घेणाऱ्यालाही भरपूर मिळाले. तळाचा भाव हुकला म्हणून तोटा होत नाही.

रकमेबद्दल एक सांगावेसे वाटते. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये असताना शेतकऱ्याने आडतीवर ते चार-सव्वाचार हजारांना घातले. त्या हिशेबाने दहा हजार रुपये म्हणजे अडीच क्विंटल सोयाबीन. शहरातल्या पगारदारासाठी जी रक्कम ‘शिकण्यासाठी घातलेली’ असते, ती इथे खताचे पैसे किंवा मुलाच्या लातूरच्या शिकवणीची फी असते. मार्च २०२० मध्ये देशात सुमारे चार कोटी डिमॅट खाती होती, पाच वर्षांत ती एकोणीस कोटींच्या पुढे गेली. त्यात आपल्या तालुक्यांतली तरुण मुलेही आहेत. त्यांनी बाजारात यावे, जरूर यावे. पण पहिला शेअर घोटाळ्यातल्या कंपनीचा असू नये, आणि ‘भाव आणखी पडला, आता ॲव्हरेज करू’ म्हणत त्यात दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा पैसे तर मुळीच टाकू नयेत. शंभराचा शेअर सहावर आला तेव्हा शंभराला घेणाऱ्याचे चौऱ्याण्णव टक्के गेले. सहाला घेऊन तो शून्य झाला, तर तुमचे शंभर टक्के जातात.

जे आधीच अडकले आहेत त्यांच्यासाठी एक व्यवहाराची गोष्ट. व्यवहार चालू आहेत तोवर शेअर विकून तोटा नोंदवता येतो. हा भांडवली तोटा पुढच्या आठ वर्षांतल्या शेअरांच्या नफ्यातून वजा करता येतो, मात्र त्या वर्षाचे प्राप्तिकर विवरणपत्र मुदतीत भरलेले असायला हवे. एक वर्षाच्या आत विकलेल्या शेअरांचा तोटा दोन्ही प्रकारच्या भांडवली नफ्यातून वजा होतो, दीर्घ मुदतीचा तोटा फक्त दीर्घ मुदतीच्या नफ्यातून. व्यवहार बंद झाल्यावर शेअर विकता येत नाही आणि न विकलेल्या शेअरचा तोटा करात दाखवणे फार अवघड होऊन बसते. त्यामुळे धनकोंच्या समितीने प्रस्ताव मंजूर केल्याची बातमी आली, की कंपनीने शेअर बाजाराला दिलेले पत्र त्याच दिवशी उघडावे आणि त्यात जुन्या भागधारकांबद्दल काय लिहिले आहे तेवढा परिच्छेद शोधावा. तिथे शून्य लिहिले असेल, तर घेणारा मिळेल त्या भावाला, त्याच आठवड्यात विकावे.